तीन नंबर लाइनचा खिळा

३ फेब्रुवारी

वहिनी,

फोन तू उचलत नाहीस, आणि परवापासून तर रिंगही जात नाही. म्हणजे नंबर अडवलेला दिसतो. हे काम तुझ्या चिमणीचं, तुला मोबाईलमधलं एवढं कुठलं यायला. म्हणून पत्र लिहितोय. याआधीचं पत्र मी शाळेत लिहिलं होतं, परीक्षेत, पाच गुणांसाठी. परगावी राहणाऱ्या मित्रास. साडेतीन मिळाले तेव्हा तू म्हणाली होतीस, "बारक्या, मित्राची आठवण दीड गुणाने कमी पडली रे तुला."

सोमवारी कामगार कार्यालयात आपण अडीच तास एका खोलीत होतो आणि तू एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस. मी कंपनीच्या बाजूला बसलो होतो, हे खरं. पण मी तिथला कामगार कल्याण अधिकारी आहे, वहिनी, बस म्हटलं की बसावं लागतं. तुझ्या बाजूला एकच खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर तू औषधांची पिशवी ठेवली होतीस.

तुझा अर्ज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला. किती सरळ लिहिलायस. बारा वर्षं तीन नंबर लाइनवर कॉलर शिवल्या. लाइनमध्ये अडतीस बायका आणि संडासला जायला दोन लाल बिल्ले. ते सुपरवायझरच्या टेबलामागे खिळ्यावर टांगलेले. बिल्ला खिळ्यावर असेल तर उठायचं, नसेल तर दाबून बसायचं. म्हणून बायका सकाळी कामावर आल्या की पाणीच पीत नाहीत. बारा वर्षांत त्यापायी वारंवार ताप आला, एक किडनी निकामी झाली, दुसरीचं डॉक्टर काही सांगत नाहीत. कंपनीने उपचार करावा आणि बिल्ले बंद करावेत. सगळं मिळून पाऊण पान. मी असतो तर सहा पानं केली असती आणि त्यात काहीच सांगितलं नसतं.

आणि मग वकिलाने तो कागद काढला. आपण ज्या कंपनीच्या नावाचे शर्ट शिवतो, तिचा तपासनीस दोन वर्षांपूर्वी आला होता, त्याने कामगारांच्या मुलाखती घेतल्या होत्या, त्यातला तुझा. वकिलाने चष्मा लावून सावकाश वाचलं: "मी हवं तेव्हा जाते. मला पाणी जरा जास्तच लागतं, त्यामुळे मी सारखी उठते, आणि सुपरवायझर बाई मला हसतात." खाली तुझी सही. सरकारी कामगार अधिकाऱ्यांनी कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "बाई, हे तर तुम्हीच सांगितलंय." मी खाली बघत होतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण तुझ्या मनात नको ते येईल. तो कागद वकिलाला कुठून मिळाला याची मला कल्पना नाही. या लोकांचा धंदाच तो, जुन्या फायली चाळत बसतात आणि काहीतरी उकरून काढतात. मलाही धक्काच बसला.

अजून निकाल लागलेला नाही. पुढची तारीख नऊ मार्च आहे. तोवर तब्येत सांभाळ, पाणी पीत जा. काही औषध मिळत नसेल तर चिमणीला सांग मला कळवायला.

तुझा,
बारक्या


११ फेब्रुवारी

वहिनी,

रविवारी मी घरी आलो होतो, दादाने सांगितलं असेलच. त्याने दार उघडलं, विचारलं, "जेवलास का?" मी नाही म्हणालो. तो "बरं" म्हणाला, पण दारातून हलला नाही. मी मागे वळलो. आतून तुझ्या खोकल्याचा आवाज आला. दादाला आजवर कुणाला नाही म्हणता आलेलं नाही, त्यामुळे त्याला हे किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे.

काल चिमणीचा फोन आला. कॉलेजच्या फोनवरून. "काका, आईने एकच विचारायला सांगितलंय. तपासणीच्या फायली असतात ते कपाट कुणाच्या खोलीत आहे?"

मी म्हणालो, "माझ्या."

"आणि चावी?"

मी गप्प बसलो. मग म्हणाली, "बरं, सांगते आईला," आणि ठेवला. जिला मी खांद्यावर बसवून हिंडवलं, ती पोरगी माझ्याशी बँकेतल्या बाईसारखी बोलली.

चावी माझ्याकडे असते, वहिनी. एकच आहे, दुसरी कधीच हरवली. मागच्या पत्रात मी तुझ्याशी खोटं बोललो. वकिलाने काहीही चाळलं नाही, तो आमच्या ऑफिसात पाऊलही टाकत नाही. त्याचा फोन आला, "या बाईंचं आधीचं काही लेखी आहे का तुमच्याकडे?" मी म्हणालो, "बघतो." नाही म्हणायला मला काय धाड भरली होती? कोणी तपासायला येणार नव्हतं. पण मी बघतो म्हणालो आणि खरोखर बघितलं. बघायचंही काय होतं, मला ठाऊक होतं तो कुठे आहे. निळी फाईल, मधला कप्पा. मी त्याची झेरॉक्स काढली. ती फिकट आली, तुझी सही नीट दिसत नव्हती, म्हणून दुसरी काढली.

त्या दुसऱ्या झेरॉक्सला माझ्याकडे काही उत्तर नाही. पहिलीचं मी काहीतरी सांगू शकेन, साहेबांचा दबाव, नोकरी, सवय. दुसरी मी माझ्या हौसेने काढली. काम नीटनेटकं झालं पाहिजे ना.

आणि आता सांगतोच आहे तर हेही सांगतो. तो कागद मुळात आमच्याकडे असायलाच नको होता. मुलाखतीच्या कागदावर वर ठळक लिहिलेलं असतं की कामगाराने दिलेली माहिती गुप्त राहील, मालकाला दाखवली जाणार नाही. तू सही करताना ते मोठ्याने वाचलंही होतंस, तपासनीस बघतच राहिला होता. पण जाताना त्याने सगळ्या मुलाखतींची एकेक प्रत माझ्या हातात दिली. "तुमच्या माहितीसाठी," म्हणाला. मी आभार मानले.

मी दहा वर्षांचा असताना तू मला पदरात घेतलंस. नवी नवरी, हातावरचा रंग गेला नव्हता, आणि घरात आई नसलेलं हे एक वांड कार्टं. मी केसाने गळा कापला तुझा. हे वाक्य लिहायला मला आठ दिवस लागले.

बारक्या


१९ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र लांबणार आहे. पण शेवटपर्यंत वाच, कारण शेवटी एक कामाची गोष्ट आहे.

आधी त्या वाक्याबद्दल. "बाई मला हसतात." ते वाक्य माझं आहे. मी रचलेलं.

तुला आठवतंय, तपासणीच्या आधी दोन दिवस मी कँटीनमध्ये शिकवणी घ्यायचो. माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने चोवीस प्रश्नांची उत्तरं छापून वाटली होती आणि बायका ती घोकायच्या. तपासनीस विचारायचा, जादा काम सक्तीचं असतं का, आणि अकरा बायका एका सुरात म्हणायच्या, "जादा काम पूर्णपणे ऐच्छिक असते." शेंबडं पोरही ओळखेल. मी आलो आणि म्हणालो, असं नाही चालणार. एकसारखं बोलू नका. मध्ये अडखळा. "काय बाई ते आठवत नाही" म्हणा. एखादी छोटी तक्रार करा, पंखा आवाज करतो, चहा पांचट असतो, म्हणजे बाकीचं खरं वाटतं. मी तपासनिसाची नक्कल करायचो, मान वाकडी करून, पेन कानात घालून. सगळ्या हसून हसून लोळायच्या. सगळ्यात जास्त तू. मला वाटायचं, मी किती हुशार आहे. बायकांना घाबरवत नाही, हसवत शिकवतो. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती माझी.

पण बिल्ल्यांच्या प्रश्नाला तू अडलीस. हसायची थांबलीस आणि बाकीच्या गेल्यावर म्हणालीस, "बारक्या, बाकी काय हवं ते बोलेन. पण हे नाही. काल चार नंबरच्या मशीनवरची पोर खुर्चीतच... नाही रे बोलवत."

आणि मी काय म्हणालो ते तुला नक्की आठवत असेल. मी म्हणालो, "वहिनी, माझी ही पहिली तपासणी आहे. मुलाखतींच्या यादीत तुझंच नाव आलंय. मला सांभाळून घे."

तू बराच वेळ रिकाम्या कपाशी चाळा करत राहिलीस. मग म्हणालीस, "सांग, काय बोलू."

मी ते वाक्य तुझ्यासाठी खास रचलं. तू कमी पाणी पितेस म्हणून मुद्दाम उलटं, पाणी जास्त लागतं. आणि ते हसणं टाकलं, कारण हसणाऱ्या सुपरवायझरला कोण क्रूर म्हणेल? तू घरात कधी खोटं बोलत नाहीस, त्यामुळे तुला ते अवघड गेलं, त्यामुळे तू खरंच अडखळलीस, आणि त्यामुळे ते इतकं खरं वाटलं. त्या सोमवारी अधिकाऱ्यांनी विश्वास ठेवला तो तुझ्यावर नाही, माझ्या कारागिरीवर.

हे सगळं छातीवर घेऊन मी परवा साहेबांकडे गेलो. दार लावून घेतलं आणि म्हणालो, ती उत्तरं मी पढवली होती, मी हे अधिकाऱ्यांना सांगणार. मला वाटलं आकांडतांडव करतील. ते मुळीच रागावले नाहीत. चहा मागवला. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा बोलावलं, तेव्हा समोरच्या पडद्यावर खरेदीदार कंपनीच्या, म्हणजे आपण जिच्या नावाचे शर्ट शिवतो तिच्या, एक बाई होत्या, जबाबदारी विभाग असं काहीसं त्यांच्या खात्याचं नाव. आपल्या जिन्यात मानवी हक्कांची ती चकचकीत पाटी लागली आहे ना, हात हातात घेतलेली चित्रं, ती यांच्या खात्याने पाठवलेली. फार मऊ बोलल्या. म्हणाल्या, उत्तरं पढवणं आमच्या धोरणात बसत नाही, तुम्ही पुढे आलात याचं कौतुक वाटतं.

आता कामाची गोष्ट. त्यांचं म्हणणं असं. मी लिहून द्यायचं की बढतीच्या मोहाने मी हे स्वतःच्या मनाने केलं, कंपनीला आणि खरेदीदाराला याचा पत्ता नव्हता. मला काढून टाकतील. त्यानंतर कंपनी तुझा सगळा उपचार करेल, पुढचीही औषधं, आणि वर भरपाई. तू एवढंच लिहून द्यायचं की ही एका अधिकाऱ्याची चूक होती आणि तुझी तक्रार मिटली.

वहिनी, घे. मी हात जोडतो. मी मसुदा वाचला आहे, त्यात फसवणूक नाही, त्यातलं मला कळतं. नऊ तारखेआधी सही केलीस तर महिनाअखेर मोठ्या दवाखान्यात नाव लागेल. माझं काय व्हायचं ते होऊ दे. खरं सांगायचं तर खापर माझ्यावर फुटलं तर मला बरंच वाटेल. गेल्या पंधरा दिवसांत काल पहिल्यांदा जेवण घशाखाली उतरलं.

मसुदा सोबत जोडला आहे. खुणेच्या जागी सही.

बारक्या


२७ फेब्रुवारी

वहिनी,

चिमणीने माझंच पत्र मसुद्यासकट परत आणून दिलं तेव्हा वाटलं, वाचलंही नाहीस. मग मागची बाजू बघितली. तुझं अक्षर अजून तसंच आहे, रेघेच्या वर वर चालणारं. तू लिहिलंस ते मी इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे मला पळवाट राहणार नाही:

"बारक्या, मी सही करणार नाही. सगळं तुझ्या एकट्याच्या माथी मारून त्यांना सुटायचंय, आणि तुलाही त्यातच बरं वाटतंय. मला बरं करतील आणि बिल्ले तिथेच राहतील. लाइनवर अजून सदतीस जणी बसल्यात. रडायचं तर तुझ्या घरी रड. मला एकच सांग. त्या दिवशी तपासनीस भिंतीकडे बोट दाखवून तुला काय म्हणाला?"

मला वाटलं होतं ते कुणी बघितलं नाही. तू कॉलरवर मान घालून बसली होतीस.

आधी मला राग आला, हे कबूल करतो. मी नोकरी सोडायला निघालो होतो, नाव घालवायला निघालो होतो, आणि तुला तेही पुरेना. दोन दिवस मी मनात तुझ्याशी भांडलो. भांडताना लक्षात आलं की मी तुला तीन पत्रं लिहिली, त्यात छाती पिटून पिटून स्वतःला दोष दिला, आणि नेमकी तीच एक गोष्ट वगळली जिच्यात माझ्याशिवाय दुसरं कुणी होतं. चुकून नाही वगळली. सगळा दोष माझा असला की मला कुणाविरुद्ध उभं राहावं लागत नाही. फक्त मान खाली घालावी लागते, आणि ते मला चांगलं जमतं.

तर ऐक.

तपासणीच्या सकाळी मी चारही लाइनचे बिल्ले गोळा करून माझ्या टेबलाच्या खणात ठेवले होते. खिळे काढायचे राहिले. तपासनीस मजल्यावरून फोटो काढत चालला होता. तीन नंबर लाइनच्या टेबलाशी थांबला आणि खिळ्याकडे बोट करून म्हणाला, "हे कशाचं?"

मी म्हणालो, "कॅलेंडरचं."

तो हसला. म्हणाला, "कॅलेंडरच्या खिळ्याखाली 'लाइन ३, बिल्ले २, पाच मिनिटं' असं लिहितात का?" भिंतीवर रंगाने लिहिलेलं होतं ते, माझं लक्षच गेलं नव्हतं. वाटलं, गेलो. आणि खोटं नाही सांगत, क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं.

मग तो म्हणाला, "हे फोटोत येतंय. खिळा काढा, वर रंग मारून घ्या. जेवणानंतर मी पुन्हा फोटो घेतो."

मी स्वतः पक्कड आणली. रंग नीट वाळला नव्हता, म्हणून पंखा त्या भिंतीकडे फिरवला. तुम्ही सगळ्या जेवायला गेला होतात. संध्याकाळी खिळा पुन्हा ठोकला, जरा डावीकडे. बिल्ले पुन्हा त्यावर.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. आणि एवढ्यावर थांबत नाही. चार दिवसांनी त्याने मला ईमेल पाठवला, दोन्ही फोटो जोडून. पहिल्यावर लिहिलं होतं, वापरू नये. दुसऱ्यावर, अहवालासाठी. खाली एक ओळ, "किरकोळ बाबी जागेवरच मिटवल्या." त्याची प्रत खरेदीदार कंपनीच्या जबाबदारी विभागाला होती. पडद्यावर माझं कौतुक करणाऱ्या त्याच बाईंच्या नावाने. त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं होतं, "उत्तम."

तो ईमेल माझ्याकडे आहे. दोन वर्षं जपून ठेवला. तेव्हा वाटलं होतं, कधी माझ्यावर बालंट आलं तर मी एकटा नव्हतो हे दाखवायला होईल. आणि बालंट आलं तेव्हा मी एकटाच होतो असं लिहून द्यायला निघालो. एवढा शहाणा दीर तुझ्याच वाट्याला यायचा होता.

नऊ तारखेला मी तो घेऊन येतो. मसुदा फाडला. साहेबांना अजून सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर ते समजावतील, आणि मला कुणी प्रेमाने समजावलं की मी ऐकतो. मला भीती वाटते, वहिनी. जिथे नोकरी मागायला जाईन तिथे हे माझ्याआधी पोचेल. पण मी येतो.

बारक्या


१० मार्च

वहिनी,

कालच्या सुनावणीबद्दल तुला काय लिहायचं, तू तिथेच होतीस. तरी लिहितो. मी बाहेरच्या बाकावर दीड तास बसलो होतो, आत काय चाललंय ते कळत नव्हतं, आणि माझं नाव पुकारल्यावर मी इतक्या झटकन उठलो की फाईल खाली पडली. शिपायाने कागद गोळा करून दिले.

सगळं सांगितलं. शिकवणी, तुझं वाक्य, पक्कड, रंग, दुसरी झेरॉक्ससुद्धा. साहेब समोर बसून माझ्याकडे बघत होते, रागाने नाही, एखादा पाहुणा जेवताना ढेकर देतो तेव्हा बघतात तसं. वकील मग उठला. त्याचं काम त्याने चोख केलं.

"म्हणजे खोटं खऱ्यासारखं कसं बोलावं हे शिकवणं, हीच तुमची खासियत?"

"हो."

"मध्येमध्ये अडखळायचं, एखादी बारीकशी कबुली द्यायची, म्हणजे ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. बरोबर?"

"हो."

"आत्ता तुम्ही तीनदा अडखळलात."

काय सांगणार होतो? मी इतकी वर्षं खोट्याला जे कपडे चढवले तेच खऱ्याच्या अंगावर होते, आणि ते वेगळे करून दाखवायचं मला साधन नव्हतं. मग ईमेल पुढे केला. अधिकाऱ्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि भिंग मागवलं. भिंग मिळालं नाही, तेव्हा फोटो डोळ्यांजवळ नेऊन पहिल्या फोटोतली भिंतीवरची अक्षरं त्यांनी एकेक करून वाचली. दुसऱ्या फोटोकडे त्यांनी फार वेळ बघितलं. त्यांनी विचारलं, "या खरेदीदार कंपनीचा इथे कुणी आहे का?" कुणी नव्हतं. "मग त्यांना नोटीस काढा. त्यांनाही आता या प्रकरणात उभं राहावं लागेल." आणि साहेबांना बजावलं की निकाल लागेपर्यंत एकाही लाइनवर बिल्ला दिसता कामा नये, आपण न कळवता येऊ.

वकिलाने तेव्हा शेवटचा डाव टाकला. तुझ्याकडे वळला.

"बाई, हे साक्षीदार तुमचे कोण लागतात?"

त्याला काय हवं होतं ते मला कळलं. घरचा माणूस घरच्यासाठी बोलतोय, एवढंच त्याला लिहवून घ्यायचं होतं. तू नातं लपवशील असं मला वाटलं नाही. पण तू काय म्हणशील याचा मला अंदाज येत नव्हता. सव्वा महिन्यात पहिल्यांदा तू माझ्याकडे बघितलंस. नीट, वरपासून खालपर्यंत.

"दीर होते," तू म्हणालीस.

"होते म्हणजे? आता नाहीत?"

"आता साक्षीदार आहेत."

अधिकाऱ्यांनी ते तसंच लिहून घेतलं. वकिलाला पुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही, तो बसला. मला ते कुठे लागलं ते मी लिहीत नाही. लिहिलं तर पुन्हा तुझ्यापुढे रडल्यासारखं होईल.

तू साक्ष टिकावी म्हणून तसं म्हणालीस की मनापासून, हे मी चिमणीला विचारणार नाही. मला वाटतं दोन्ही. आणि त्यातलं दुसरं जास्त.

खोलीतून बाहेर पडल्यावर तू जिना उतरत होतीस. कठडा धरून, एकेक पायरी, मध्ये थांबत. चिमणीच्या एका हातात तुझी पिशवी होती आणि दुसरा तुझ्या पाठीवर. लाइनवरच्या चौघी-पाचजणी खाली उभ्या होत्या, अर्धा दिवस बुडवून आलेल्या. पूर्वीचा मी असतो तर धावत जाऊन तुझा हात धरला असता आणि सगळ्यांना दाखवलं असतं की बघा, किती जपतो. मी वरच उभा राहिलो. तू खाली पोचलीस, त्या बायकांनी तुला मध्ये घेतलं आणि तुम्ही फाटकातून बाहेर गेलात.

आज सकाळी मला कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. पुढची तारीख अठ्ठावीस आहे, त्या दिवशी खरेदीदार कंपनीचा माणूस येईल. मला पुन्हा बोलावलं आहे. मी वेळेवर येईन, बाहेरच्या बाकावर बसेन आणि नाव पुकारल्याशिवाय आत येणार नाही.